दाराला पाठ लावून

नंदनवन वस्तीतल्या एका प्रसूतिगृहात माझं औषधांचं काउंटर आहे. समोरच ऑपरेशनची खोली. तिथल्या एक सिस्टर ख्रिस्ती आहेत. गर्भपाताची केस आली की त्या डॉक्टरीणबाईंना तोंडावर सांगतात, "मी याले हात नाही लावत, मॅडम." मग बाहेर येतात आणि दाराला पाठ लावून, डोळे मिटून प्रार्थना करत उभ्या राहतात.

मला भयंकर राग यायचा. आत एक बाई आधीच घाबरलेली, आणि बाहेर हे असं! एकदा बोललोही. "तिच्यासाठीच करून राहिली ना मी," एवढंच म्हणाल्या.

परवा अशाच एका बाईचा नवरा खापरखेड्याहून तणतणत आला. बायको त्याला न सांगता आली होती; ती आत, आणि सिस्टर नेहमीसारख्या दाराशी.

"हटा सिस्टर! मले न विचारता काहून आली ती?"

सिस्टर हलल्या नाहीत. तो अंगावर धावला, मग त्यांच्या गळ्यातला क्रॉस बघून त्याने एकदम हात जोडले. "तुम्ही तर चर्चवाल्या. हे पाप आहे, तुम्हीच सांगा ना तिले!"

मी उठून उभा राहिलो. वाटलं, आता त्या बाजूला होणार.

"पाप आहे," त्या म्हणाल्या. "पण ठरवायचं तिले आहे. सही बी तिचीच लागते, तुझी नाही. बस तिथं."

तो बसला नाही. मुठी आवळून समोरच उभा राहिला. सिस्टरांचे ओठ नेहमीसारखे हलू लागले. डोळे मात्र उघडे होते, त्याच्यावर रोखलेले.