आमचं देवक

त्या वर्षी देवासमोर हात जोडायचासुद्धा मला कंटाळा आला होता. आठ महिन्यांत आधी बाबा गेले, मग आई. धाकट्या बहिणीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं ठरलं आणि अंबरनाथच्या आमच्या दोन खोल्यांत जो तो मलाच विचारू लागला. मानपान काय, पहिली पत्रिका कुणाला. कारखान्यातून दमून घरी यावं, तर दारातच प्रश्न. मला कुणी विचारावं एवढा मी कधी मोठा झालो, हेच कळत नव्हतं.

मग भटजींनी देवक विचारलं. प्रत्येक घराण्याचं एक झाड असतं, त्याची डहाळी पुजल्याशिवाय लग्न लागत नाही, एवढंच मला माहीत होतं. आमचं झाड कुठलं, ते आईबाबांबरोबर गेलं. गावच्या चुलतभावाने पत्राला उत्तर धाडलं, आम्हालाही ठाऊक नाही. भटजी म्हणाले, पंचपालवी ठेवा, चालतं. पण बहिणीचे डोळे भरले. “दादा, तू थोरला ना? आईला कधी विचारलंसुद्धा नाहीस?” ते फार लागलं मला. खरंच नव्हतं विचारलं.

सोमवारी शिवमंदिरात गेलो. पायऱ्या उतरून पिंडीसमोर चिडूनच म्हणालो, मला झेपत नाही, आता तूच बघ. बाहेर जवळच्या चामटोली गावची एक म्हातारी बेल विकत होती. लग्नासाठी पाच झाडांची पालवी मिळेल का, म्हणून तिला विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

“दर सोमवारी बेल न्यायच्या त्या बाईंचा तू पोर ना? तोंड तसंच हाय.”

आई गेल्याचं सांगितलं. तिने हातातला बेल पाटीत ठेवला. मग म्हणाली, “माज्या पाटीत कळंबाची फांदी दिसली का रागवायची. म्हनायची, आमचं देवक हाय गं, असं तोडू नये.”

मी तिथेच खाली बसून रडलो. आई गेली तेव्हाही इतका रडलो नव्हतो. योगायोग म्हणा हवं तर, मी वाद घालत नाही. म्हातारीच्याच बांधावर कळंब होता. सुपारी ठेवून, पाया पडून डहाळी आणली.

लग्न लागल्यावर नवरानवरी पाया पडायला आली. सवयीने मी बाजूला सरलो, मागच्या वडीलधाऱ्यांना वाट द्यायला. मागे नुसती भिंत होती. बहीण वाकलेलीच होती. माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं, थकवा तेवढा होता. तरी हात तिच्या डोक्यावर गेला आणि तोंडून निघालं, “सुखी राहा.” देवा, ते तूच वदवलंस.