चारच्या खाली दोन

उंब्रजच्या सर्व्हिस रोडला माझं दुकान आहे, गाड्यांची चाकं सरळ करायचं. पाटीवर व्हील अलाइनमेंट लिहिलंय. फौजेत सतरा वर्षं गाड्यांखाली काढली, सुटून आल्यावर तेच काम मांडलं. शेजारच्या गाळ्यात महेंद्र होता. हा महेंद्र मला आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

त्याचं काम गाड्यांच्या पाठीचं. रेडियमची नावं चिकटवायची, आणि मॉडेलचा बॅज, म्हणजे मागची ती चकचकीत अक्षरं आणि आकडे, काढून किंवा बदलून द्यायचे. यातला तमाशा मी रोज फुकटात बघत होतो. साध्या गाडीवाले भन्नाट पळणाऱ्या गाडीचा बॅज लावून घ्यायला यायचे, आणि ज्याच्याकडं खरोखरच तसली महागडी गाडी आहे तो बॅज काढून घ्यायला यायचा. म्हणे, "कळणाऱ्याला आवाजावरनंच कळतंय." दोघेही एक नंबरचे ढोंगी. पहिल्याला नसलेलं दाखवायचं, दुसऱ्याला आपण दाखवत नाही हे दाखवायचं.

महेंद्र दोघांचंही काम सारख्याच गंभीर तोंडानं करायचा. ड्रायरनं बॅज कोमट करायचा, गळ्यात अडकवलेला मासे धरायचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, दोन्ही हातांत ताणून अक्षरामागं घालायचा आणि हळूहळू पुढंमागं ओढायचा. पत्र्यावर ओरखडा म्हणून उठायचा नाही. त्याचे वडील, आण्णा, ट्रकवर नावं रंगवायचे. चाकणच्या एका कारखान्यात रंगखात्यात सहा वर्षं काढून पोरगा गावी परतला, तो स्वतःचा एक नियम घेऊन. बॅज निघताना मालकानं शेजारी उभं राहायचं. मालक हलला की काम बंद. "खाली काय निघंल त्ये तुमच्या डोळ्यांनी बघा," म्हणायचा. मला हा शुद्ध आगाऊपणा वाटायचा.

आमचं बिनसलं माझ्या जीपवरून. कवठे महांकाळच्या एकाकडून मी जुनी निळी जीप घेतली होती. तिच्या पाठीवर आधीच्या मालकाचं आडनाव वीतभर अक्षरांत. महेंद्र आधीच म्हणाला होता, "लालासाहेब, अक्षरं निघतील, सावली न्हाई निघायची. भवतीचा रंग उनानं उडालाय, अक्षराखालचा हाय तसा हाय." मी म्हणालो, काढ तू. अक्षरं निघाली आणि परक्याचं आडनाव गडद निळ्या रंगात तसंच राहिलं. आता दोष कुणाचा? उन्हाचा. पण उन्हाशी भांडता येत नाही. मी चार गिऱ्हाइकांदेखत महेंद्रला वाट्टेल ते बोललो. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यानं पैसे घेतले नाहीत आणि उलट शब्दही काढला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. पुढं चार वर्षं आम्ही एकाच नळाचं पाणी भरलं, पण बोललो नाही.

गेल्या मार्चमध्ये कुंडलचा वीरधवल त्याच्याकडं आला. आमच्या पाहुण्यांतला, चिक्कार ऊस, घरात सहा गाड्या, आणि त्या सहाही चाकं सरळ करायला माझ्याकडं यायच्या. या खेपेला लाल जर्मन गाडी होती, आठ महिन्यांपूर्वी पुण्यातून जुनी घेतलेली. पाठीवर चाळीसचा आकडा, म्हणजे मोठं इंजिन. या चाळीसचं कौतुक त्यानं प्रत्येक लग्नाच्या मांडवात सांगून झालं होतं. गाडीच्या आरसीत खरं मॉडेल लिहिलेलं असतं, पण आमच्याकडं गाडी घेताना आरसी कोण वाचतो? पाठ बघतात आणि पेढे वाटतात. आता त्याला आकडा काढायचा होता, कारण मोठी माणसं काढतात असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

बरोबरची माणसं आणि मेव्हणा मानसिंग समोर चहाला गेले. वीरधवलला नियमापायी थांबावं लागलं, म्हणून तो कुरकुरत गाडीशेजारी उभा होता. मी माझ्या दारात स्टुलावर, तीन पावलांवर.

तंगूस फिरला आणि चाळीसचा आकडा महेंद्रच्या हातात आला. खाली, उडालेल्या लाल रंगात, गडद लाल सावली होती. चारच्या जागी दोन. वीस. कितीतरी वर्षं उन्हात पडलेली, स्वच्छ वाचता येणारी सावली.

महेंद्र हळू आवाजात म्हणाला, "दादा, ही गाडी जल्मापास्नं वीसच हाय. चाळीस कुणीतरी मागनं लावलंय. एकदा आरसी बघून घ्या."

वीरधवलचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. खरं सांगतो, मला मजा वाटली. तेवढ्यात सगळे चहाचे ग्लास घेऊन परतले आणि मानसिंग वाकून म्हणाला, "दाजी, ह्यो दोन कशाचा?"

"कशाचा म्हंजे?" वीरधवल एकदम ओरडला. "ह्या येड्यानं ड्रायरनं रंग जाळला गाडीचा! चांगला चाळीसचा बॅज हुता, काढताना डाग पाडून ठिवला."

"दादा, तुमी हितंच उभं हुता. तुमच्या म्होरं निघालाय."

"मी फोनवर हुतो." वीरधवलनं त्याची कॉलर धरली. "तुमची लायकीच न्हाई असल्या गाडीला हात लावायची."

कॉलर एकट्या महेंद्रची धरली होती आणि लायकी 'तुमची' काढली होती. महेंद्र बौद्ध, बाकी आम्ही सगळे एका जातीचे. ते 'तुमची' कुणाकुणाला होतं हे तिथं प्रत्येकाला कळलं, आणि प्रत्येकानं चहाचा घोट घेतला.

तेव्हा महेंद्र माझ्याकडं वळला. चार वर्षांनी पहिल्यांदा. "आवं लालासाहेब, तुमी बघितलंय सगळं. एवढंच सांगा, डाग आदीपास्नं हुता का न्हाई?"

वीरधवलनंही माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

"मी पाना शोधत हुतो," मी म्हणालो. "माजं ध्यान नव्हतं."

पाना माझ्या मांडीवर होता. महेंद्रनं तो बघितला, मग माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. सहा गाड्यांचं गिऱ्हाईक, पाहुणे, जीपचा जुना राग, कारणं भरपूर होती. सतरा वर्षं सरकारनं मला धाडसाचा पगार दिला होता. त्यातली त्या दिवशी एक दमडीही शिल्लक निघाली नाही.

मानसिंगनं डागाचा व्हिडिओ काढून सगळीकडं पाठवला, खाली लिहिलं की उंब्रजचा महेंद्र गाड्यांचे रंग जाळतो. ज्याचं नाव ओरखडा न उठवण्यावर चालत होतं, त्याला बुडवायला दुसरं काय करावं लागतं! दोन महिन्यांत गिऱ्हाईक तुटलं. मे महिन्यात एका दुपारी त्यानं स्वतःच्या पाटीवरची अक्षरं त्याच तंगुसानं एकेक करून उतरवली आणि साताऱ्याला निघून गेला. जाताना नळाची चावी माझ्या टेबलावर ठेवली. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी घरी म्हणालो. बायकोनं ताट वाढलं आणि आत गेली.

गाळा मी घेतला. अजून माणसं येतात, त्या रिकाम्या पाटीवरची सावली वाचतात आणि विचारतात, महेंद्र कुठं गेला? साताऱ्याच्या त्याच्या दुकानासमोरून मी दोनदा गाडी नेली, थांबवली एकदाही नाही. म्हणून मी सांगतो, माहीत नाही.

दिवाळीनंतर वीरधवल एकटाच आला, तीच लाल गाडी घेऊन. पाठीवर चाळीस परत लावून घेतलेलं, जरा वाकडं. मला राहवलं नाही. म्हणालो, "वीरधवल, त्या दिवशी मी बघितलं हुतं. खाली दोनच हुता. त्या पोराची काय चूक नव्हती."

वाटलं होतं चिडेल. चिडला असता तर मी भांडलो असतो, आणि भांडून मोकळा झालो असतो. तो हसला.

"आवं लालासाहेब, मीबी बघितलं हुतं की. तितंच उभा हुतो." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आन तुमी बघितलंय, ह्येबी मला म्हायत हुतं. तुमी आपलं माणूस हायसा."

यापेक्षा तोंडावर थुंकला असता तर बरं झालं असतं. खांद्यावरचा हात मला झटकता आला नाही.

"गाडी डावीकडं वढतीया," तो म्हणाला. "तेवढं बघा जरा."

मी वाकलो आणि त्याची चारही चाकं सरळ करून दिली.