जामसंड्याच्या दुहेरी भिंतीतील पोकळी

मी, रघुनाथ बाबाजी मेस्त्री, वय वर्षे शहात्तर, इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा चिऱ्याचे गवंडीकाम, राहणार आचरा, सत्य तेच लिहितो. टंकन नातीचे आहे, शब्द माझे.

जामसंड्यास लोर्नाबाई फर्नांडिस या आर्किटेक्ट आपल्या आईसाठी कमी विजेत गार राहणारे घर बांधीत आहेत. काम माझ्या मुलाकडे, सुधाकरकडे आहे. भिंत सदोष निघाल्याने त्याचे काम काढून घेणार, असे कानी आले. आमच्या भिंतीस दोष लागतो, हे मला मान्य नव्हते. मी निघालो.

सकाळची एसटी मिठबावमार्गे जाते. पंच्याहत्तरी उलटलेल्यांस भाडे नाही. डावीकडे बसल्यास समुद्र दिसतो. माझे लक्ष नव्हते. वाहक म्हणाला, "आजोबानू, लग्नाक चललास काय? टोपयेक इस्त्री मारलास ती."

"कामाक," मी म्हणालो.

उतरलो त्या तिठ्यावर तांदळाचे घावणे चांगले मिळतात. मी थांबलो नाही, थेट कामावर गेलो.

या घराची भिंत म्हणजे चिऱ्याच्या दोन भिंती, मध्ये दोन इंच पोकळी. बाहेरची तापते, आतली गार राहते. खिडकीच्या कडेस दोन्ही एकमेकींस टेकू नयेत म्हणून सांध्यात बुचाची, म्हणजे कॉर्कची, पट्टी घालतात.

मला पाहताच सुधाकर म्हणाला, "बाबानू, तुमी कित्याक इलात? घराक जावा."

लोर्नाबाईंनी भिंतीवर तापमान मोजायचे यंत्र धरले. मधोमध एकोणतीस अंश, खिडकीच्या कडेस पस्तीस. "इथून उष्णता आत येते. पावसाळ्यात ओलही येईल. पट्टी काढून कुणीतरी सांधा भरलाय. सुधाकर म्हणतो, चूक आपलीच."

ती कड मी ओळखली. सुधाकर तापाने पडला असता दोन दिवस त्याच्या जागी मी तेथे कामास उभा होतो. आमच्या धंद्यात भिंतीत पोकळी राहिली, तर गवंड्याने मालकास फसविले असे मानतात. पट्टी कशासाठी ते न विचारता मी ती उपटून दगडाच्या कपच्या व सिमेंट ठासले होते.

कामावरचे दोघे गवंडी थापी थांबवून पाहत होते. दोघेही माझ्याच हाताखाली शिकलेले.

"हे मी भरले," मी म्हणालो. "सुधाकर घरी होता."

"मग तू बोलला का नाहीस?" बाईंनी त्यास विचारले.

"बापाशीन काम नासल्यान म्हणान चारचौघांत कसा सांगू?"

बाईंनी यंत्र पिशवीत ठेवले. "काम तुझ्याकडेच राहील. पण ही कड आजच फोडायची."

मी छिन्नी मागितली.

"मी फोडतंय, बाबानू," सुधाकर म्हणाला.

"भरलंय मीच."

दुपार कलेपर्यंत मी फोडीत होतो. नंतर सुधाकरने सांगितली तशी पट्टी बसविली.

घरी आलो तेव्हा मनगट सुजले होते. माझे भरकाम एवढे पक्के होते की फुटता फुटेना, याचा अभिमान आजही आहे. ते चुकीचे होते, हेही तितकेच खरे.

समक्ष हजर: लोर्ना फर्नांडिस, दोन गवंडी, आणि सुधाकर रघुनाथ मेस्त्री, ज्याने माझा सांधा बोट फिरवून तपासला व "बरो जालो" असे म्हटले.