हिंगोली ते वसमत, एक नंबर सैल

सायकल चालवायला फक्त सायकल लागते, असं मला गेल्या वर्षापर्यंत वाटायचं. मग मी इंटरनेटवर वाचायला लागले आणि कळलं की हेल्मेट, हातमोजे, गॉगल, मिठाच्या गोळ्या आणि मनगटावरचं घड्याळ यांच्यानंतर जागा उरलीच तर सायकल. आणि या सगळ्याच्या वर बिब शॉर्ट्स. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: मांडीपर्यंतची घट्ट चड्डी, बसायच्या जागी आतून शिवलेली गादी, आणि खांद्यावरून जाणारे दोन पट्टे, बालवाडीच्या गणवेशाला असतात तसे. एवढ्या कापडात दोन बऱ्या सुती साड्या आल्या असत्या. म्हणजे, तेवढ्या किमतीत.

मी आणि शाहीन हिंगोलीत एकाच शाळेत शिकवतो. ती गणित, मी भूगोल. वर्षभर दर रविवारी आम्ही कनेरगाव नाक्यापर्यंत सायकलने जातो, चहा पितो आणि परत येतो. माझ्या घरची अट सोपी आहे. "दोघी असाल तर जा, एकटी नको," असं आमचे हे पहिल्या दिवशीच म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. त्यामुळे माझ्या सायकलीला दोन चाकं, एक साखळी आणि एक शाहीन लागते. यातलं काहीही निखळलं तर गाडी जागेवर.

आणि दिवाळीनंतर शाहीन निखळायला लागली. एका रविवारी पाहुणे, एका रविवारी पेपर तपासायचे. शेवटी खरं बोलली, "बसवत न्हाई गं. लई तकलीफ होऊन राहिली. वसमतला एकदा जाऊन येऊ म्हणतेस ना? तेवढं करते. जमलं तर जमलं, न्हाई तर सायकल भाच्याला देऊन टाकते."

माझं काय होणार, हे तिला विचारावंसं वाटलं. त्याऐवजी दोघींसाठी बिब शॉर्ट्स मागवल्या.

पार्सल आलं. दार लावून मी घातली आणि आरशासमोर ताठ उभी राहिले. खांद्यावरचे पट्टे असे ओढले गेले की कुणीतरी मागून कॉलर धरल्यासारखं वाटलं. शाहीनचा फोन, तिचंही तेच. आता आपल्याकडे कपडा घेताना पहिला नियम काय? थोडा सैल बघा. लग्नातला ब्लाउज असो की पोराची शाळेची पँट, एक नंबर मोठा घेतलेला बरा. दाराबाहेरून ह्यांनीही सल्ला दिला, "मोठीच घे, धुतल्यावर आटतं." त्या कापडाचा आणि आटण्याचा काही संबंध नाही, पण सल्ला दिल्याचं समाधान त्यांना मिळालं. आम्ही दोन्ही परत पाठवून एक नंबर मोठ्या मागवल्या. आरशात झकास दिसल्या. ताठ उभं राहून सायकल चालवायची असती तर आजही त्याच वापरल्या असत्या.

पाकिटात सूचनांचा कागद होता. थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री करू नका. आणि शेवटची सूचना: आत काहीही घालू नये. ही मी दोनदा वाचली आणि ती परदेशातल्या लोकांसाठी असणार असं ठरवून टाकलं. शाहीनचा कागद तिच्या भाच्याने पाकिटासकट कचऱ्यात टाकला होता, म्हणून मी तिला सगळ्या सूचना कळवल्या. ती एक सोडून. बाळंतपणं, पाळी, सासवा, सगळं बोलून झालेल्या आम्ही दोघी. पण हे शब्द माझ्या तोंडातून काही निघेनात.

शनिवारी उजाडता उजाडता निघालो. फेब्रुवारीअखेर, म्हणजे पहाटे स्वेटर आणि अकराला चटका. बिबवर सैल ट्रॅकपँट, तिच्यावर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता. एवढी महागाची वस्तू कुणाच्याही नजरेला पडणार नाही याची पूर्ण काळजी घेतली होती. औंढ्यापर्यंतचा रस्ता चांगला आहे. फक्त उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागून येतात तेव्हा मुकाट्याने कडेला उतरायचं. ट्रॅक्टरवाल्याला गाण्याच्या आवाजात तुमची घंटी ऐकू येत नाही. वाटेत टपरीवर सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे, आणि भजी खाल्ली. शंभराच्या आत दोघींचं पोट भरलं. टपरीवाल्या काकांनी आमच्याकडे बघून विचारलं, "बस बंद हाय का आज?"

"चालू आहे की."

"मंग?"

मी आणखी एक भजी तोंडात टाकली.

औंढ्याच्या अलीकडे चढ लागतो. तिथे सैलपणाने आपला प्रताप दाखवायला सुरुवात केली. पट्टे खांद्यावरून घसरायचे, गादी मागे सरकून चुरगाळायची, आणि जिथे गादी हवी तिथे शिवण यायची. एक माझ्या नेहमीच्या कपड्याची, एक बिबची. दोन शिवणी आणि मध्ये मी. औंढ्याला शाहीन सायकलींपाशी थांबली आणि मी देवळात जाऊन आले. गाभारा खाली आहे, अरुंद पायऱ्यांनी उतरून जावं लागतं. उतरताना माझ्या तोंडून जे "आई गं" निघालं, ते मागच्या बाईंना भक्तीतलं वाटलं असावं. त्यांनी हात जोडले.

औंढ्यानंतर दुतर्फा हळदीचे वाफे आणि काढणीची घाई. कढयांतून शिजत्या हळदीची वाफ रस्त्यावर येते. वास असा की दोन दिवस नाकातून जात नाही. आणि इथेच आम्हाला त्या गोष्टीची गरज पडली जिचा विचार बिब शॉर्ट्स बनवणाऱ्याने अजिबात केलेला नाही. पुरुषांचं सोडा, त्यांचं सगळ्याच बाबतीत बरं असतं. बाईला मात्र कुर्ता काढा, पट्टे उतरवा, म्हणजे जवळपास सगळंच उतरवा, तेही रस्त्यालगतच्या शेतात. तुरी काढून झालेल्या, आडोसा कुठेच नाही. शेजारच्या तांड्यावरची एक बाई हळद वेचत होती. आमची चुळबूळ तिच्या ध्यानात आली. न बोलता उठली, आम्हाला तुराट्यांच्या ढिगामागे नेलं आणि आपली ओढणी दोन्ही हातांनी ताणून उभी राहिली. आमची आतली बांधाबांध तिने मान न वळवताही बघितली असावी.

"एवढं आवळून काहून घेतलं, बाई?"

"सायकलवर दुखू नये म्हणून," शाहीन म्हणाली.

"मंग दुखून न्हाई राहिलं?"

"लई दुखून राहिलं."

ती बाई इतकी हसली की ओढणी हलायला लागली. आम्ही तिला मोठमोठ्याने स्थिर राहायला सांगत होतो आणि आम्हालाही हसू आवरत नव्हतं. त्या दिवसातलं शाहीनचं ते शेवटचं हसू.

वसमतमध्ये शिरलो तेव्हा ती पायडलवर उभी राहून सायकल चालवत होती. माझ्या बहिणीच्या, वंदनाच्या घरी पोहोचताच भिंतीला टेकून उभी राहिली, बसायला तयार होईना. "मी उद्या बसनं जाते," ती मला म्हणाली. "माझं झालं गं सायकल चालवून. रागवू नको." तिचा आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली. चिडली असती तर समजूत घातली असती.

वंदनाने खोबरेल तेलाची वाटी आणली, बिबची सगळी हकिकत ऐकून घेतली आणि सरळ विचारलं, "याच्या आत काय घालता तुमी?"

"जे घालतात तेच," शाहीन म्हणाली.

मी छताकडे पाहिलं. वंदनाने मोबाइल काढला, शोधलं आणि दारं-खिडक्या उघड्या असताना खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. शाहीनने माझ्याकडे वळून पाहिलं.

"तुला ठाऊक होतं?"

"वाचलं होतं."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"लाज वाटली."

"मांड्या माझ्या सोलल्या आणि लाज तुला वाटली?"

मी तेलाची वाटी तिच्यापुढे सरकवली. ती घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. चहात मी साखर दोनदा घातली, कारण आता फक्त रविवार जाणार नव्हता, मैत्रीही जाईल असं वाटत होतं.

ती बाहेर आली तेव्हा बिब घालून आली होती, सूचनेबरहुकूम. वर वंदनाचा गाऊन. पट्टे सैल पडत होते म्हणून वंदनाने ते चार बोटं दुमडून मशिनवर टीप मारून दिली. आता शाहीनला ताठ होता येईना. कंबरेत वाकून उभी.

"उभंच राहता येत न्हाई," ती म्हणाली.

"उभं राहायला कुठं चालली तू?" वंदना म्हणाली. "आणि थोडं वाकून राहा, सासूसमोर बरं दिसतं."

शाहीन तशीच वाकलेली अंगणात गेली, सायकलवर बसली आणि घराला एक फेरी मारून आली. मग दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला आम्ही दोघी पायरीवर बसून तिची वाट बघत होतो, ती पार कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. हे कपडे वाकलेल्या अंगाच्या मापाचे असतात, आरशासमोरच्या अंगाच्या नाही. पट्टे उभं असताना ओढतात, हँडल धरलं की बरोबर बसतात. पहिल्यांदा आलेलं मापच खरं होतं. तुम्ही मागवणार असाल तर आरशासमोर ओणवं व्हा, घरच्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

माझ्याही पट्ट्यांना टीप पडली. रविवारी सकाळी धपाटे आणि ठेचा खाऊन निघालो. शाहीन सुसाट. औंढ्याला मी तिला गाठलं तेव्हा माझा चेहरा बघून तिला कळलं.

"घातलंस ना आत?"

घातलं होतं. सगळं वाचून, ऐकून, तिची सोललेली कातडी बघूनही मी ते घातलं होतं. बायकांना काही सवयी मोडवत नाहीत, असं मी म्हणणार होते, पण समोर ती उभी होती, जिने एका संध्याकाळीत मोडली.

मी जीप केली. टपावर सायकल बांधायचे वेगळे पैसे घेतात, आधी ठरवून घ्या. "मी येते चालवत," शाहीन म्हणाली.

"एकटी?"

"मग काय तुझ्यासंगं टपावर बसू?"

वाटेत जीपने तिला मागे टाकलं. पाठ वाकलेली, कुर्ता वाऱ्याने फुगलेला. ड्रायव्हर म्हणाला, "बाई एकलीच जाऊन राहिली का?" मी "व्हय" म्हटलं आणि मला रडू आलं. अभिमान होता, हेवा होता, आणि भीतीही. तिला माझ्याशिवाय जाता येत होतं. मला तिच्याशिवाय येत नव्हतं.

घरी आले. पूर्ण आठवडा वर्गात उभं राहून शिकवलं. मुलांना वाटलं मॅडम कडक झाल्या. शाहीन शाळेत भेटली, बोलली, पण रविवारचं नाव काढलं नाही. शनिवारी झोपताना मी सगळं घडी घालून उशाशी ठेवलं, आणि एक कपडा मुद्दाम कपाटात ठेवला.

सकाळी गल्लीत घंटी वाजली. हे दारात पेपर घेत होते, शेजारचे काका झाडांना पाणी घालत होते. शाहीनने एक पाय रस्त्यावर टेकवला आणि तिथूनच, वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आज तरी आत काही घातलं न्हाई ना गं?"

काकांची नळी कुंडी सोडून भलतीकडे वळली. ह्यांनी पेपर डोळ्यांसमोर धरला, उलटा.

"नाही!" मी तेवढ्याच मोठ्याने ओरडले आणि सायकल बाहेर काढली.