गोधडीची थैली

आमच्या घरात जुना कपडा माझ्या नजरेच्या टप्प्यात ठेवायची कोणाची छाती होत नाही. आमचे हे आंघोळीला जाताना शर्ट खुंटीला लावतात आणि बाहेर आल्यावर आधी तो जागेवर आहे का ते बघतात. वरणगावच्या कारखान्यात उभी हयात दारूगोळ्याशेजारी काढली तेव्हा भ्याले नाहीत, आता माझ्या कात्रीला भितात. एकदाच, फक्त एकदाच, मी त्यांची चांगली पँट जुनी समजून कापली होती. तिची थैली अशी दणकट निघाली की आजही ते तीच घेऊन भाजीबाजारात जातात, पण टोमणा मारायचं काही सोडत नाहीत.

जळगावात आमच्या कॉलनीत आता सगळ्यांना ठाऊक झालंय. बायका जुने कपडे आणून देतात आणि मी त्यांच्या लहान लहान थैल्या शिवते. चष्म्याची, मोबाईलची, जपमाळेची, प्रवासात गोळ्या ठेवायची. कोणी सासूबाईंचं इरकल आणतं, कोणी मुलाचा शाळेचा शर्ट. क्रोशाचे रुमाल तर किती आले! टीव्ही भिंतीला चिकटले आणि त्यांच्या डोक्यावरचे हे रुमाल बेघर झाले. शेजारची इंजिनीयर मुलगी म्हणाली, "काकू, याला अपसायकलिंग म्हणतात." म्हटलं, म्हणोत बापडे. आमची माय याला काहीच म्हणत नसे. गावात सगळेच जे करतात त्याला वेगळं नाव कशाला लागतं?

आमचं माहेर अमळनेरजवळच्या खेड्यातलं. तिथे कापडाला लवकर मरण नसे. लुगडं मधोमध विरलं की माय तेवढा भाग काढून टाकायची आणि दोन्ही चांगले तुकडे जोडून पुन्हा नेसायची. याला दंड घालणं म्हणतात. दंडाचं लुगडंही विरलं की त्याचे आमचे परकर व्हायचे. परकर फाटले की घरातल्या तान्ह्याचं झबलं, दुपटं. त्याच्यापुढे गोधडी. गोधडीचीही लक्तरं झाली की मग पोतेरं. माझा तिसरीतला परकर मी दहावीला असताना चुलीपुढच्या पोतेऱ्यात ओळखला होता. मला उगीचच वाईट वाटलं, आणि माय खो खो हसली होती. ते हसणं आठवलं की आजही मशीन थांबवावंसं वाटतं. थांबवते मी कधी कधी.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, मायकडून हाताची शिवण शिकली. मी मशीनवर गेले. अक्काचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. माझ्या मशीनला ती नाक मुरडायची. "तुनी शिलाई पयस निस्ती," म्हणायची, म्हणजे तुझी शिलाई नुसती पळते. ती धुळ्याला दिली, मी जळगावला. घरातल्या ज्या ज्या मुलीचं लग्न झालं, तिच्या तिच्या सामानात अक्काची गोधडी गेली. माझ्याही गेली. तिच्याखाली माझी दोन्ही बाळंतपणं निघाली.

आता अक्काची बोटं आखडतात. सुई धरली की हात थरथरतो. तरी तिने नातीसाठी एक गोधडी हाती घेतली आणि वर्षभर पुरवून पुरवून शिवली. नात शिकायला कॅनडाला निघालेली, तिकडे बर्फ पडतो असं अक्काला कोणीतरी सांगितलेलं. गोधडी पुरी झाली तेव्हा अक्का फोनवर म्हणाली, "आते बस. आते व्हत नही." ही तिची शेवटची गोधडी, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

आणि निघायच्या आठवड्यात ती नात गोधडी घेऊन माझ्या दारात.

"जळगावच्या आजी, हिची एक छोटी थैली करून दे ना. गोधडी वजनात बसत नाहीये. सगळं काढून पाहिलं."

"कुकर काढला का?" मी फणकाऱ्याने विचारलं.

"कुकरही काढला."

"मग अक्काला सांग तसं."

"नाही सांगवत गं. थैली मी कायम जवळ ठेवीन, शप्पथ. बाकीची गोधडी तू ठेव. तिला कळणारसुद्धा नाही." आणि पोरगी रडायला लागली. रडणाऱ्या पोरीवर माणसाने किती रागवावं? मी तिला चहा पाजला, गोधडी ठेवून घेतली आणि करते म्हणाले.

ती गेल्यावर मी गोधडी पलंगावर पसरली. सवयीने चारही कोपरे चिमटीत धरून चाचपले. आमच्या मायची एक रीत होती. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी ती त्यात भाकरीचा तुकडा ठेवायची. "उपाशी गोधडी ऊब देत नही," म्हणायची. तो तुकडा वाळून टणक होतो, बोटांना लागतो. लहानपणी एका गोधडीत आम्ही दोघी झोपायचो, तेव्हा तो कोपरा कोणाच्या बाजूला यावरून आमची मारामारी व्हायची. अक्काने पुढे कितीतरी गोधड्या शिवल्या, पण ही रीत कधी मोडली नाही. या गोधडीचे मात्र चारही कोपरे रिकामे होते.

माझं चित्त उडालं. अक्का विसरली? अक्का आणि हे विसरेल? बोटं गेली ते एक वेळ समजू शकते, पण आठवणही निघाली की काय? मी कात्री शिवणाच्या पेटीत टाकली. चोरून कापणं माझ्याच्याने होणार नव्हतं. तिला सांगितलं तर तिचं मन मोडणार, आणि न सांगितलं तर उद्या मी तिच्याकडे कोणत्या तोंडाने बघणार? दुसऱ्या दिवशी सकाळची धुळ्याची एसटी पकडली. गोधडी मांडीवर, शिवणाची पेटी पायाशी. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, धुळ्याला गाडी रिकामी झाली तरी मी बसूनच. कंडक्टर म्हणाला, "मावशी, गाडीतच मुक्काम का?" एरवी त्याला चांगला जबाब दिला असता. त्या दिवशी सुचला नाही.

अक्का ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मला पाहून हसली, मग माझ्या हातातली गोधडी पाहून थांबली.

"गोधडी काब्र लई उनी?" कशाला आणलीस, असं विचारलं तिने.

माझ्या तोंडून खरं निघेना. मी भलतंच विचारलं, "अक्का, कोपरामा भाकर टाकनी नही का तू?"

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि चोरी पकडली गेल्यासारखा आवाज खाली आणला. "इमानमा खावाना जिनस जाऊ देतस नही म्हने. बठ्ठं तपासतस. भाकरना तुकडासाठे पोरनी गोधडी काढी लिधी ते? म्हनीसन उपाशी ठेवी."

ती काही विसरली नव्हती. जन्मभर सांभाळलेली मायची रीत तिने मोडली होती, विमानतळावर गोधडी अडू नये म्हणून. आणि गोधडी विमानतळापर्यंतही जाणार नव्हती, हे आता मला सांगायचं होतं.

सांगितलं. वजनाचं सांगितलं, कुकरचं सांगितलं, पोर रडली तेही सांगितलं. थैलीचं सांगितलं. अक्का शेंगा फोडत राहिली. टरफलं दाण्यांत आणि दाणे टरफलांत पडत होते, तिचं लक्ष नव्हतं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण बसून राहिले.

मग तिने सूप बाजूला सारलं. "काप," म्हणाली.

मी पेटीतून खडू काढला आणि एका कोपऱ्यावर खूण केली. कोपरा गेला तर बाकीची गोधडी राहते, दुरुस्त होते, पांघरता येते. एवढा हिशेब मी बसमध्ये करून ठेवला होता. अक्काने माझा हात धरला.

"कोपरा कोनी पांघरस का वं? मधलं काप."

"अक्का, मधलं कापलं तर बठ्ठी गोधडी जाई."

"जाऊ दे."

मध्ये मायच्या दंडाच्या लुगड्याचा तुकडा होता, धुऊन धुऊन लोण्यासारखा झालेला. तो तिथे आहे हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी म्हटलं, माझ्याने होणार नाही. ती म्हणाली, "मंग मशीन काय कामनी शिकनी तू?" आणि गोधडी दोन्ही बाजूंनी ताणून धरली. जी बोटं सुई धरू शकत नव्हती, त्यांनी ती घट्ट धरली. एवढे थर कात्रीला ऐकेनात. मी कापत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि अक्का मला रागावत होती की रेघ वाकडी चालली आहे.

चौकोन निघाला. अक्काने तो मांडीवर घेतला, तळव्याने सपाट केला, आपलेच टाके अंगठ्याने चाचपून पाहिले. मी टेप काढला. नाक पुसून विचारलं, "केवढी करू? पासपोर्ट मावेल एवढी करू का?"

अक्काने तुकडा माझ्या हातात दिला.

"न्हानी कर. इतली न्हानी शिव, का तिले तठे 'जागा नही' असं म्हनताच येवाले नको."