वही दाखवणार नाही

समुपदेशनाचं एम.ए. करायला घेतलं तेव्हा घरच्यांना वाटलं, हिला बोलायची हौस आहे, भागू दे. नगरच्या कॉलेजात पहिलं वर्षभर आम्हाला गप्प बसायलाच शिकवलं. दुसऱ्या वर्षी फील्डवर्क लागलं आणि माझ्या वाट्याला काष्टीच्या पुढची एक माध्यमिक शाळा आली. आठवड्यातून दोन दिवस जायचं, मुलांशी बोलायचं, त्याची नोंद वहीत ठेवायची. शेवटी तासांच्या तक्त्यावर मुख्याध्यापकांचा सही-शिक्का घ्यायचा. तो नसेल तर वर्ष वाया.

बसायला खेळाच्या सामानाची खोली मिळाली. लेझमांचा ढीग, पाय मोडलेला कॅरमबोर्ड आणि मधे दोन खुर्च्या. माझी काही तक्रार नव्हती.

घोळ मी पहिल्याच शनिवारी घातला. दर शनिवारी शिक्षकांच्या टाचण वह्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर जातात. पुढच्या आठवड्यात काय शिकवणार ते त्यात असतं, सर लाल पेनाने 'पाहिले' लिहून सही करतात. एम.ए.च्या आधी मी तीन वर्षं शिकवलेलं, हाताला सवय होती. इतरांच्या वह्यांवर माझीही वही ठेवली आणि घरी गेले. सरांनी ती नुसती पाहिली नाही, वाचली.

सोमवारी परिपाठाला त्यांनी आठवीतल्या एका मुलीला पुढे बोलावलं. "बोलताना अडखळतेस, भीती वाटते, असं मॅडमना सांगितलंस ना? आता सगळ्यांसमोर आजचा सुविचार वाच. भीती मोडेल." तिनं वाचला. एक ओळ होती, पण ती संपेना. पोरं हसत होती आणि मी जमिनीकडे बघत उभी होते. सरांचा हेतू चांगला होता, असं नंतर स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले. असेलही. ती मुलगी माझ्या खोलीत पुन्हा आली नाही. त्यात पहिला दोष माझा, सरांचा त्यानंतर. तेव्हापासून वही माझ्या पिशवीतून बाहेर पडली नाही.

दिवाळीनंतर नववीतली एक मुलगी यायला लागली. आई-वडिलांचं पटेना, म्हणून आई वर्षभर कोपरगावला माहेरी होती. आईशी बोलायचं नाही, अशी वडिलांची ताकीद. ही मधल्या सुट्टीत मैत्रिणीच्या घरी पळायची आणि तिथल्या मोबाईलवरून आपल्या आईला फोन लावायची. पाच मिनिटं.

"काय बोलता गं?" मी विचारलं.

"काय न्हाई. केस धुतले का, जेवली का, आसं इचारती." मग माझ्या पेनाकडे बघून म्हणाली, "मॅडम, तुमी कुनाला सांगनार न्हाई ना?"

"तुझ्या जिवाला धोका असला तरच सांगेन. तेही आधी तुला विचारून," मी म्हणाले. हे वाक्य कॉलेजात आमच्याकडून घोकून घेतलेलं. त्या दिवशी मी ते पहिल्यांदा मनापासून बोलले.

जानेवारीतल्या एका शनिवारी सरांनी बोलावलं. समोरच्या खुर्चीत त्या मुलीचे वडील बसले होते. ते पालक संघाचे पदाधिकारी, शाळेत त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"तुमची वही टेबलावर येत नाही," सर म्हणाले. "यांना मुलीची काळजी वाटते. ती तुमच्याशी काय बोलते, ते बघू द्या."

"सर, ती टाचण वही नाही."

"शाळेत लिहिलं जातं ते शाळेचं."

"मी लिहिते, पण ते मुलांचं असतं. मी दाखवणार नाही."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. "मग सहीचंही विसरा."

"बरं," मी म्हणाले. पिशवी उचलली आणि बाहेर पडले.

कॉलेजातल्या मार्गदर्शक मॅडमनी कपाळाला हात लावला. "तुझं बरोबर आहे गं, पण सही त्यांची आहे. दुसरी एक वही लिही, काहीतरी अभ्यासाच्या अडचणी वगैरे, आणि दाखवून टाक." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांनी ते वाक्य घोकून घेतलं, त्याच मला खोटी वही लिहायला सांगत होत्या. आणि खोटी का होईना, एकदा दाखवली की वही मागायचा सरांचा हक्क मी मान्य केल्यासारखंच झालं असतं. मी नाही म्हणाले.

सही मिळाली नाही. वर्गातल्या सगळ्यांचा निकाल लागला तेव्हा माझा अडकला. पुढच्या वर्षी कर्जतच्या एका शाळेत सगळे तास पहिल्यापासून केले. वाईट वाटलं का? खूप वाटलं. पण मी शाळा सोडेपर्यंत त्या मुलीचे फोन चालू होते.

त्या शाळेतला शेवटचा दिवस मात्र सांगायला हवा. मी फाटकाबाहेर आले तर तिचे वडील मोटरसायकलला टेकून उभे होते. आता भांडण, म्हणून मी पिशवी घट्ट धरली.

"मॅडम, वही ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "येवढंच सांगा. पोरगी तिच्या आईचं काय बोलती का? ती बरी हाय का तिकडं?"

मला माहीत होतं. सगळं माहीत होतं. दोन शब्द सांगितले असते तर या माणसाच्या चेहऱ्यावरचं ओझं तिथंच उतरलं असतं, हेही दिसत होतं. सरांना नाही म्हणताना मला राग तरी सोबतीला होता. इथं काहीच नव्हतं.

"दादा, ते तुमच्या मुलीला विचारा."

"ती माज्याशी बोलत न्हाई."

"तरी तिलाच विचारा."

ते मोटरसायकलला किक मारून निघून गेले. मी एसटीत बसले आणि नगर येईपर्यंत रडत होते. त्यांनी तिला विचारलं का, हे मला कधीच कळलं नाही. मला त्यांनी आज पुन्हा विचारलं, तर आजही सांगणार नाही.