गालावरची दोन बोटं

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे खार म्हणतात, कारण लहानपणापासून ती कुठे ना कुठे चढलेलीच असायची. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायची. मग छापील फ्लेक्स आले आणि पाटीवाल्यांच्या पोटावर पाय आला. बाई डगमगली नाही. टॅबलेट घेतला, त्यावर मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढू लागली. पुढे लोकांना छापील गोष्टींचा कंटाळा आला, हाताने रंगवलेल्या भिंती हव्याशा वाटू लागल्या, आणि आमची खार पुन्हा शिडीवर! आता ती चित्र आधी टॅबलेटवर रचते, मग भिंतीवर उतरवते. मी निवृत्त माणूस. तिची शिडी धरतो आणि बोलणी खातो.

टॅबलेटने तिला एक खोड लावली. त्यावर चूक झाली की काचेवर दोन बोटं टेकवायची, शेवटची रेघ गायब. एकदा तिच्या हातून चहा सांडला, तर ही बया टेबलावर दोन बोटं टेकवून बघत बसली. आईची हसून हसून मुरकुंडी वळली. "अगं खारे, बोटं आपटून चहा कपात जात नाही हो!"

एका नव्या दवाखान्याने पेशंटच्या बसायच्या खोलीची भिंत रंगवायला दिली. खारीने झाडाखाली बसलेली माणसं काढली आणि मधोमध आई, खरीखुरी, माणसाएवढी. आई समोर बसून तोरा दाखवायची. "नाक जरा आवर गं. पेशंट पळून जातील."

फक्त चेहरा राहिला होता, तेव्हा आई गेली. भर दुपारी, खुर्चीत, पेपर मांडीवर. जवळ खारच होती. मी पोचलो तेव्हा आईचा हात धरून बसली होती. रडली नाही. नंतरही नाही. जेव म्हटलं की जेवायची. मला तिचा रागच यायचा. दगड आहे का ही?

रोज टॅबलेटवर आईचा चेहरा काढायची, दोन बोटं टेकवून घालवायची. समोर फोटोंचा ढीग.

"अगं, एक तरी राहू दे!" मी ओरडलो.

"ही आई नाही," ती म्हणाली. बस, एवढंच.

डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. उद्या दवाखाना उघडतोय, चेहरा जमत नसेल तर तिथे एखादी फांदी काढा. आईच्या जागी फांदी! खार म्हणाली, "बरं." आणि हिरवा रंग कालवायला बसली.

"हिरवा लावलास तर शिडी सोडून देईन," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हिरव्यावर झाकण ठेवलं.

ती शिडीवर चढली. भिंतीवर आईचे डोळे उमटले. नाक आलं, जरा आवरलेलं. ओठांच्या कोपऱ्याशी ब्रश घसरला. खारीने ओल्या रंगावर दोन बोटं टेकवली. काही झालं नाही. पुन्हा टेकवली. मग टेकवतच राहिली. मी शिडी चढून तिचा हात धरला.

"दादा, त्या दुपारी मी आईच्या हातावरही असंच केलं," ती म्हणाली. "कितीतरी वेळ." बाजारातून काय आणायचं ते सांगावं, तसा आवाज.

मला रडू फुटलं. तिला नाही. तिने ब्रश धुतले आणि ठसे तसेच ठेवले.

आता तिथे बसलेल्या बायका म्हणतात, आजींच्या गालाला खळी काय सुरेख काढलीये! आईला खळी नव्हती. खार ऐकते आणि "हो" म्हणते.